गारगोटी, पेन्सिल आणि हिरा : महाकाय सहसंयुज रचनांच्या प्रकल्पाच्या नोंदी

५ जुलै

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बारावीच्या विद्यार्थ्यांबरोबर महाकाय सहसंयुज रचना, म्हणजे सुटे रेणू न बनता सारे अणू सहसंयुज बंधांनी एकाच अखंड जाळ्यात जोडले गेलेल्या रचना, हा विषय घ्यायचे आज ठरले. जालना जिल्ह्यातील आमचे हे कनिष्ठ महाविद्यालय लहान आहे आणि प्रयोगशाळेतील साधने बेताचीच आहेत. परंतु या विषयाला लागणारा निम्मा माल शेताच्या बांधावर आणि विहिरींच्या खोदकामातून निघालेल्या दगडांत पडून असतो, त्यामुळे साधनांची फारशी अडचण येऊ नये.

हा विषय घेण्याचे कारण पाठ्यपुस्तकातील एका विधानात आहे. सहसंयुज संयुगांचे द्रवणांक आणि उत्कलनांक कमी असतात, हे विद्यार्थी शाळेपासून पाठ करत आलेले असतात. पुढे कधीतरी हिरा आणि सिलिका हे त्याला अपवाद असल्याचे सांगितले जाते. एकदा अपवाद म्हटले की विचार तेथेच थांबतो. माझ्या मते हे अपवाद नाहीतच, कारण मूळ विधान बंधाविषयी नसून रेणूंविषयी आहे. मिथेनमधील कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला सरासरी ४१६ किलोजूल प्रति मोल इतकी ऊर्जा लागते, म्हणजे तो हिऱ्यातील कार्बन-कार्बन बंधापेक्षाही बळकट आहे. तरीही मिथेन उणे १६१.५ अंश सेल्सिअसला उकळतो, कारण उकळताना त्या बंधांना धक्काही लागत नाही. त्या वेळी सुटते ते रेणूरेणूंमधील क्षीण आकर्षण, आणि त्यासाठी मोलमागे सुमारे ८ किलोजूल पुरतात. हिऱ्यात असे सुटे रेणू नसतातच. म्हणून प्रकल्पातील प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारायचा, की तो वितळताना, झिजताना किंवा विरघळताना त्यात नेमके काय तुटावे लागते.

१२ जुलै

प्रतिकृतींचे काम सुरू केले. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे संच महाग असतात आणि त्यांतील गोळ्यांची संख्या महाकाय म्हणावी अशी रचना दाखवायला अपुरी पडते. एका विद्यार्थ्याने घरून तुराट्यांची पेंढी आणली. बंधांसाठी त्या उत्तम ठरल्या, कारण तुराटी वजनाने हलकी व पुरेशी सरळ असते आणि टोक तासले की मऊ गोळ्यात घट्ट बसते. गोळ्यांसाठी शाडू घेतला. आमची काळी माती वाळताना भेगाळते, त्यामुळे ती या कामाची नाही.

प्रमाण १०० पिकोमीटरला ५ सेंटिमीटर असे धरले. हिऱ्यातील दोन कार्बन अणूंच्या केंद्रांमधील अंतर १५४ पिकोमीटर असल्याने तेथे तुराटीचा तुकडा असा कापावा लागतो, की गोळ्यांच्या केंद्रांत ७.७ सेंटिमीटर अंतर राहील. ग्रॅफाइटच्या थरातील १४२ पिकोमीटरसाठी हेच अंतर ७.१ सेंटिमीटर येते. खरी कसोटी कोनाची होती. हिऱ्यातील प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांना चतुष्फलकाच्या टोकांच्या दिशेने बांधलेला असतो आणि कोणत्याही दोन बंधांत १०९.५ अंशांचा कोन असतो. कोनमापकाने तो अवकाशात मोजणे अवघड आहे. त्यावर पुठ्ठ्याचे घनाकार खोके केले, त्याच्या आठ कोपऱ्यांपैकी एकाआड एक अशा चार कोपऱ्यांना भोके पाडली आणि गोळा बरोबर मध्यभागी धरून त्या भोकांतून तुराट्या आत सारल्या. घनाच्या मध्यापासून एकाआड एक कोपऱ्यांकडे जाणाऱ्या रेषांमधील कोन नेमका तितकाच असतो, त्यामुळे एकदा खोके जमल्यावर मोजमाप करण्याची गरजच उरली नाही.

गोळे जोडत गेल्यावर सहा-सहा कार्बनची कडी तयार होतात. ती सपाट नसून वरखाली दुमडलेली असतात आणि कोणत्याही दिशेने पाहिले तरी जोडणी कोठे संपत नाही. पुठ्ठ्यावर काढलेल्या आकृतीत ही गोष्ट कधीच कळत नाही. कडेच्या गोळ्यांना मोकळ्या राहिलेल्या तुराट्या कापून टाकाव्यात, असे काहींचे म्हणणे होते. त्या मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत, कारण रचना तेथे संपलेली नाही, आपला शाडू संपलेला आहे.

१९ जुलै

उष्णतेचे प्रयोग केले. मेण, आयोडीन, साखर आणि वाळू हे चार पदार्थ घेतले. मेण लगेच वितळले. आयोडीनचा एकच खडा बंद काचपात्रात अगदी मंद उष्णतेवर ठेवला, तेव्हा जांभळी वाफ भरली. ती वाफ दोन-दोन अणूंच्या रेणूंची असते, म्हणजे आयोडीन-आयोडीन बंध शाबूत राहून फक्त रेणू एकमेकांपासून दूर झालेले असतात, हे येथे डोळ्यांनी दिसते. साखर वितळली आणि पुढे काळी पडली, म्हणजे तिच्या बाबतीत उष्णता वाढवल्यावर रेणूच्या आतले बंधही तुटले. या साऱ्यात वाळू ढिम्म राहिली. उलट ज्वाला मोठी केल्यावर साध्या काचेची परीक्षानळीच मऊ पडून वाकू लागली.

याच जागी आज बराच वेळ थांबलो, कारण काच हीदेखील मुळात सिलिकाच आहे. सिलिकामध्ये प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनला आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनला बांधलेला असतो, त्यामुळे एकास दोन हे सूत्र म्हणजे केवळ अणूंचे प्रमाण असते, रेणू नव्हे. हे जाळे मोडून वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. साधी काच तयार करताना वाळूत सोडा घालतात; सोडियम ऑक्साइडमुळे सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हे पूल जागोजागी तुटतात, जाळे विरळ होते आणि काच ७०० अंशांच्या आसपासच मऊ होऊ लागते. तोच बंध आणि तेच अणू असूनही पूल किती टिकले यावर द्रवणाचे सारे गणित ठरते.

वाळूबाबत एक स्थानिक अडचण लक्षात आली. गोदावरीच्या पात्रातून आणलेली वाळू चुंबकाजवळ नेली, तर तिच्यातील बरेच काळे कण चुंबकाला चिकटले. ते मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय खनिजाचे आहेत. दख्खनच्या बेसाल्टमध्ये सिलिका वजनाने जवळपास निम्मी असली, तरी ती पायरोक्सिन आणि प्लॅजिओक्लेज या सिलिकेटांत लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांच्या आयनांसह गुंतलेली असते. मोकळे क्वार्ट्‌झ (शुद्ध सिलिकेचे खनिज) त्यात जवळजवळ नसते. म्हणजे ‘वाळू म्हणजे सिलिका’ हे पुस्तकातले विधान आमच्याकडच्या वाळूला जसेच्या तसे लागू पडत नाही. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील देगलूर-बिलोली भागात बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो आणि तेथील तांबूस वाळूत क्वार्ट्‌झचे कण भरपूर असतात. देगलूरला आजोळ असलेल्या विद्यार्थिनीला तेथून डबाभर वाळू आणायला सांगितले आहे. तोवर गारगोट्यांवर काम करायचे.

२ ऑगस्ट

गारगोट्यांचा दिवस. आमच्याकडे बेसाल्टच्या पोकळ्यांतून निघणाऱ्या कोणत्याही पांढऱ्या, चमकदार दगडाला सर्रास गारगोटी म्हणतात आणि मुलांनी आणलेल्या पिशवीत निदान तीन प्रकारचे खनिज होते. जालना आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातील खाणींत व विहिरींत सापडणारे झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत पोहोचलेले असले, तरी येथे ते मुरमाबरोबर रस्त्याच्या भरावात जातात.

काचेच्या पट्टीवर ओरखडा काढून पाहिला. क्वार्ट्‌झच्या तुकड्याने करकर आवाज करीत स्वच्छ चरा पाडला. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा आकड्यांत सांगणाऱ्या मोहस श्रेणीत त्याचा कठीणपणा ७ आहे आणि काचेचा साधारण ५.५. तितक्याच पांढऱ्या दिसणाऱ्या, पेंढीसारख्या जुळलेल्या पापुद्र्यांच्या स्टिल्बाइट या झिओलाइटने काचेवर काहीही उमटले नाही, उलट चाकूच्या टोकाने त्याचाच भुगा पडला. त्याचा कठीणपणा ३.५ ते ४ इतकाच आहे. दोन्हींत चतुष्फलकांचे जाळे आहे. मग फरक का पडावा?

स्टिल्बाइटमध्ये काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम असते. ॲल्युमिनियममुळे जाळ्यावर येणारा ऋण प्रभार भरून काढायला सोडियम आणि कॅल्शियमचे आयन लागतात, आणि हे आयन राहतात ते जाळ्यातल्या बोगद्यांसारख्या पोकळ्यांत, पाण्याच्या रेणूंसह. या पोकळ्यांमुळे त्याची घनता सुमारे २.२ इतकीच भरते, क्वार्ट्‌झची २.६५ आहे. शिवाय स्टिल्बाइटच्या जाळ्यात काही पातळ्यांवर जोडणारे पूल तुलनेने कमी असल्याने त्याचे पापुद्रे सुटतात. कोरड्या परीक्षानळीत त्याची पूड तापवली तेव्हा नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमले, आणि पूड मात्र न वितळता तशीच राहिली. स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी १७५६ साली याच गुणावरून झिओलाइटांची ओळख पटवली होती. पाणी जाळ्याला सहसंयुज बंधांनी बांधलेले नसल्यामुळे ते आधी निघून जाते. जाळे मोडायला त्याहून फार जास्त तापमान लागते. आमच्या प्रश्नाला एकाच परीक्षानळीत दोन उत्तरे मिळतात, म्हणून हा प्रयोग प्रदर्शनात पुढच्या टेबलावर ठेवायचा.

संध्याकाळी खोली अंधारी करून क्वार्ट्‌झच्या दोन गारगोट्या एकमेकींवर जोराने घासल्या, तेव्हा दगडाच्या आतून पिवळसर उजेड फुटला आणि जळकट वास आला. हा खेळ येथल्या प्रत्येकाने लहानपणी खेळलेला असतो. तो उजेड म्हणजे चकमकीची ठिणगी नव्हे. पाण्याखाली घासल्या तरी गारगोट्या उजळतात. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तुटून नवे पृष्ठभाग उघडे पडताना त्यांवर विद्युतप्रभार वेगळे होतात आणि ते पुन्हा एकत्र येताना प्रकाश बाहेर पडतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

१० ऑगस्ट

ग्रॅफाइट. बॅटरीच्या निकामी मोठ्या सेलमधून मधली कांडी काढली. प्रयोगशाळेतील मामांनी वर्तमानपत्र पसरून आणि हातमोजे घालून हे काम केले, कारण आतला मँगनीज डायऑक्साइडचा काळा लगदा लवकर निघत नाही. मल्टिमीटरवर कांडीचा रोध एक-दीड ओहम दिसला, आणि तोही बहुतांशी तारांचा व टोकांवरील संपर्काचा होता. नंतर कागदावर पेन्सिलींनी सारख्या लांबी-रुंदीच्या ठळक रेघा काढल्या. ६बी पेन्सिलीची रेघ किलोओहमच्या पट्ट्यात मोजता आली. २एच पेन्सिलीच्या रेघेसाठी मीटर मेगाओहमवर न्यावा लागला. कोंते यांनी १७९५ साली ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजण्याची रीत काढली, तीच आजही चालते. एच पेन्सिलीत चिकणमाती जास्त असते आणि ती विसंवाहक असते.

ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तीनच शेजाऱ्यांना बांधलेला असतो आणि त्याचा चौथा इलेक्ट्रॉन संपूर्ण थरावर पसरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ढगात मिसळून जातो. त्यामुळे थरातला बंध हिऱ्यापेक्षा आखूड आणि अधिक बळकट असतो, हे विद्यार्थ्यांना पटवणे कठीण गेले. ग्रॅफाइट मऊ, म्हणून त्यातले बंध दुबळे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. प्रतिकृतीने तो सुटला. दोन थरांत ३३५ पिकोमीटर, म्हणजे आमच्या प्रमाणात १६.७५ सेंटिमीटर अंतर ठेवायचे होते आणि तेथे तुराट्या न लावता वरचा थर दोऱ्यांनी टांगला. बोटाने ढकलला की थर सरकतो. थरातला एकही बंध ताणला जात नाही. पेन्सिल कागदावर घासताना सुटतात ते हे थर. परंतु ग्रॅफाइट वितळवायचे तर थर विलग करून भागत नाही, थरातले बंधच तोडावे लागतात, म्हणून त्याचे संप्लवन (घनातून थेट वायू होणे) साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्याही पुढे होते. तेच जाळे, पण ते दोन दिशांना चालते आणि तिसऱ्या दिशेला थांबते. १९२४ साली बर्नाल यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही थरांची मांडणी निश्चित केली. त्यातला एकच थर वेगळा काढून अभ्यासण्याचे काम गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली चिकटपट्टीच्या साध्या युक्तीने केले आणि त्यांना २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

थर सरकतात म्हणून ग्रॅफाइट वंगण आहे, हे विधान मात्र अपुरे आहे. दुसऱ्या महायुद्धात अतिउंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतील कार्बनचे ब्रश झपाट्याने झिजून जात, कारण तेथील कोरड्या, विरळ हवेत पाण्याची वाफ नसे. ग्रॅफाइटच्या कडांवर बसलेले पाण्याचे रेणू घर्षण कमी ठेवतात. ते नसले की कडांचे अतृप्त बंध एकमेकांना पकडतात. तक्त्यावर हे एका ओळीत टाकले आहे.

२३ ऑगस्ट

फुलरीनचा प्रश्न आज थोडक्यात निकालात काढला. साठ कार्बनचा तो पिंजरा महाकाय रचना नाही. तो रेणू आहे, टोल्यूनमध्ये विरघळून जांभळा रंग देतो आणि तापवल्यावर ग्रॅफाइटच्या मानाने पुष्कळ आधी संप्लवित होतो. १९८५ साली लागलेला शोध आणि १९९६ चे नोबेल यांमुळे त्याचे चित्र सर्वत्र हिऱ्याशेजारी छापले जाते, आणि तेथूनच हा घोळ सुरू होतो. प्रदर्शनात तो मेण आणि आयोडीनच्या टेबलावर जाईल.

३० ऑगस्ट

गावातील सराफांकडे गेलो. त्यांच्याकडे हिरा तपासण्याचे पेनसारखे उपकरण आहे. त्याचे तापलेले टोक खड्याला लावले की उष्णता किती वेगाने ओढली जाते यावरून ते आवाज देते. हिरा ताबडतोब ओळखला गेला, अमेरिकन डायमंड म्हणून विकल्या जाणाऱ्या झिर्कोनियाच्या खड्यावर उपकरण गप्प राहिले. हिऱ्यात मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून तो वीज वाहून नेत नाही, परंतु उष्णता मात्र तांब्याच्या जवळपास पाचपट वाहून नेतो. तांब्यात उष्णता इलेक्ट्रॉन नेतात. हिऱ्यात हलके अणू आणि ताठ बंध यांच्या जाळ्यातून कंपने विनाअडथळा पुढे सरकतात. या जाळ्याच्या एका विशिष्ट कंपनाची विखुरलेल्या प्रकाशात दिसणारी १३३२ प्रति सेंटिमीटर ही रामन रेषा सी. रामस्वामी यांनी १९३० साली नोंदवली, आणि आजही खरा हिरा त्याच रेषेवरून ओळखतात.

शेठजींनी स्वतःहून सांगितले, की मोइसनाइट हा खडा या उपकरणाला फसवतो आणि त्यासाठी आता खडा वीज वाहून नेतो का हे तपासणारे वेगळे उपकरण घ्यावे लागते. आमच्या प्रकल्पाला याहून चांगले उदाहरण मिळाले नसते. मोइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. हिऱ्याच्या जाळ्यात अर्ध्या कार्बनच्या जागी सिलिकॉन आला असे समजावे. बंध तितकाच सर्व दिशांना पसरलेला असल्याने उष्णता तोही वेगाने नेतो आणि कठीणपणातही तो ९ च्या पुढे आहे. मोइसाँ यांना तो १८९३ साली ॲरिझोनातील उल्केच्या विवराजवळून आलेल्या नमुन्यांत सापडला, आणि धार लावण्याच्या चाकांत तो कार्बोरंडम या नावाने फार पूर्वीपासून फिरतो आहे.

६ सप्टेंबर

आवर्तसारणीच्या चौदाव्या गणाचा तक्ता पूर्ण झाला. कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम आणि १३ अंशांखालील करडे कथील या चौघांचे जाळे एकसारखे, हिऱ्याचेच आहे. खाली जाताना बंध लांब आणि दुबळा होतो, द्रवणांक सिलिकॉनला १४१४ आणि जर्मेनियमला ९३८ अंशांवर उतरतो. इलेक्ट्रॉनला बंधातून सोडवायला लागणारी ऊर्जा हिऱ्यात ५.५, सिलिकॉनमध्ये १.१, जर्मेनियममध्ये ०.६७ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी होते आणि करड्या कथलात जवळपास शून्यावर येते. म्हणजे शेततळ्याच्या पंपावर लावलेल्या सौर पट्टीतला सिलिकॉन हा रचनेच्या दृष्टीने हिराच आहे, फक्त त्याचे बंध सूर्यप्रकाशाने इलेक्ट्रॉन सोडतील इतके सैल आहेत.

याच गणातील ऑक्साइडांचा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला : कार्बन डायऑक्साइड वायू का आणि सिलिकॉन डायऑक्साइड दगड का? कार्बन लहान असल्याने ऑक्सिजनशी दुहेरी बंध उत्तम जुळवतो. तो सुमारे ८०० किलोजूलचा असतो, तर दोन एकेरी बंध मिळून ७१६ च होतात, म्हणून सुटा रेणू फायद्याचा ठरतो. सिलिकॉनचा आकार मोठा, त्यामुळे दुहेरी बंधात इलेक्ट्रॉनांच्या कक्षकांचे बाजूने होणारे आच्छादन क्षीण होते. त्याला ४५२ किलोजूलचे दोन एकेरी बंध परवडतात आणि जाळे विणले जाते.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर सगळे प्रयोगशाळेतच थांबले. निजामाचा विषय निघालाच होता, म्हणून शेवटच्या निजामाने टेबलावर कागदांवर दाब म्हणून ठेवलेल्या जेकब हिऱ्याचा हिशेब फळ्यावर मांडला. १८४.७५ कॅरेट म्हणजे ३६.९५ ग्रॅम, भागिले १२ (कार्बनच्या एका मोलचे ग्रॅम), गुणिले ॲव्होगॅड्रो अंक (एका मोलमधील अणूंची संख्या) केले की सुमारे १.८५ गुणिले १० चा २४ वा घात इतके अणू येतात आणि बंध त्याच्या दुप्पट, कारण प्रत्येक अणूचे चार बंध दोघांत वाटलेले असतात. निर्दोष एकसंध स्फटिक मानला तर हा सारा एकच रेणू ठरतो. तो वायुरूप करायचा तर मोलमागे सुमारे ७१५ किलोजूल द्यावे लागतील. बर्फाच्या मोलला वितळायला ६ किलोजूल पुरतात. भारत सरकारने निजामाचे दागिने १९९५ साली विकत घेतले, त्यांत हा हिराही आहे.

हिऱ्याचे आपोआप ग्रॅफाइट होते का, हा अपेक्षित प्रश्न आला. साध्या तापमानाला व दाबाला ग्रॅफाइटच मोलमागे सुमारे २.९ किलोजूलने अधिक स्थिर आहे. परंतु रूपांतरासाठी आधी तेच बंध तोडावे लागतात, म्हणून हिरा आहे तसा राहतो.

२० सप्टेंबर

मांडणीची रंगीत तालीम. एकाने क्वार्ट्‌झची गारगोटी हातोडीने फोडून दाखवली आणि काचेला चरे पाडणारा दगड एका घावात कसा फुटला, असे विचारले. ओरखड्याला विरोध आणि घावाला विरोध हे वेगळे गुण आहेत. धातूत अणूंचे थर सरकले तरी इलेक्ट्रॉन सर्वांचे असल्याने बंध टिकतो. येथे प्रत्येक बंधाची दिशा ठरलेली असते, ती वाकवता येत नाही, म्हणून ताण वाढला की भेग एकदम आरपार जाते. हिराही हातोडीने फुटतो आणि हिरे कापणारे त्याच्या चार ठरावीक प्रतलांचा त्यासाठीच उपयोग करतात. क्वार्ट्‌झला अशी ठळक प्रतले नसल्याने त्याचा तुकडा शिंपल्यासारखा वळणदार निघतो. फोडलेली गारगोटी त्याच तुकड्यांसह दुसऱ्या टेबलावर ठेवली आणि भिंग बाजूला बांधून दिले. देगलूरची वाळूही आली आहे. ती चुंबकाच्या शेजारी, गोदावरीच्या वाळूच्या जोडीला मांडली.